अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील खेळाडूभरतीचे गैरव्यवहार

अमेरिकेतील विद्यापीठांच्या बास्केटबॉल संघांकडे गुणवान शाळकरी खेळाडू ओढून आणण्यासाठी आणि त्यांना तिथे टिकवण्यासाठी दिले जाणारे नियमबाह्य पैसे, भेटवस्तू, नातेवाइकांना दिलेल्या नोकऱ्या, परीक्षांतील हेराफेरी आणि इतर आमिषे यांना मिळून ही संज्ञा वापरतात. यातले बहुतेक प्रकार देशाच्या कायद्याने गुन्हा ठरत नसत, हे आधीच लक्षात घ्यायला हवे. ते गुन्हे होते नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन म्हणजे एनसीएए या संघटनेच्या नियमपुस्तकापुरते. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईचे थकलेले घरभाडे एखाद्या धनिकाने भरले, तर पोलिसांना त्याचे काही देणेघेणे नव्हते. एनसीएएच्या लेखी मात्र त्या मुलाची पात्रता तिथेच संपत असे.

आपल्याकडच्या खेळाडू कोट्यातील प्रवेशावरून या व्यवहाराच्या आकाराची कल्पना येणार नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हा वीस-वीस हजार प्रेक्षकांपुढे खेळणारा, दूरचित्रवाणीवर दिसणारा संघ असतो. दर मार्चमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांसाठी २०१० मध्ये झालेला करार १४ वर्षांचा आणि १०.८ अब्ज डॉलरचा होता. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्यपाल नव्हे, तर राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. आणि ज्यांच्या खेळावर हे सगळे चालते त्या खेळाडूंना २०२१ पर्यंत अधिकृतपणे मिळत असे ते मुख्यतः शिक्षणशुल्क, वसतिगृह, पुस्तके, जेवण आणि किरकोळ खर्चाचा भत्ता. बाजारात ज्या वस्तूची किंमत लाखांत आहे तिची कागदोपत्री किंमत शून्य ठरवली की उरलेला फरक टेबलाखालून जातो. या नोंदीत पुढे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी हाच फरक आहे.

बास्केटबॉललाच ही लागण इतकी का, याचे उत्तर खेळाच्या रचनेत आहे. मैदानात एका वेळी फक्त पाच खेळाडू. सात फुटांचा एक चपळ मुलगा मिळाला की सामान्य संघ एका वर्षात विजेतेपदाच्या दारात उभा राहतो; अमेरिकन फुटबॉलमध्ये एकट्याने असे काही होत नाही. त्यात २००६ पासून एनबीए या व्यावसायिक संघटनेने शाळेतून थेट येणाऱ्या खेळाडूंना दार बंद केले: निवडीच्या वर्षात वय १९ पूर्ण होणारे हवे आणि शाळा सोडून एक वर्ष व्हायला हवे. त्यामुळे पुढच्या वर्षी कोट्यवधींचा करार करणारा मुलगा मधले एक वर्ष विद्यापीठात ‘काढतो’. त्या एका वर्षासाठी प्रशिक्षक, बूट कंपन्या आणि एजंट असे सगळेच त्याच्या उंबऱ्यावर हजर.

नियमांची घडण

एनसीएएची स्थापना १९०६ मध्ये झाली ती फुटबॉलमधील मृत्यू आणि जीवघेण्या दुखापती थांबवण्याच्या खटपटीतून. पैशाचा प्रश्न नंतर आला. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने बहुतेक विद्यापीठे खेळाडूंना कोणत्या ना कोणत्या मार्गाने पैसे पुरवतात असे नोंदवले. १९४८ मध्ये ‘सॅनिटी कोड’ नावाची आचारसंहिता आली. तिच्यात उल्लंघनाला शिक्षा एकच, संघटनेतून हकालपट्टी. १९५० मध्ये सात संस्थांना बाहेर काढण्याचा ठराव आला, पण दोन तृतीयांश मते पडली नाहीत. पुढच्याच वर्षी संहिता गुंडाळली गेली.

१९५१ ते १९८८ अशी ३७ वर्षे एनसीएएचा कारभार पाहणारे वॉल्टर बायर्स यांच्या काळात ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा शब्द रूढ झाला. जखमी खेळाडूने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागू नये, ही त्यामागची कायदेशीर गरज होती. निवृत्तीनंतर याच बायर्सनी या व्यवस्थेतील मानसिकतेला गुलामांच्या मळ्यांची उपमा दिली.

नियमपुस्तक वर्षागणिक फुगत गेले. भावी खेळाडूला कधी भेटायचे, कधी फक्त लांबून पाहायचे आणि कधी त्याच्याकडे फिरकायचेही नाही, यांचे वेगवेगळे कालखंड ठरले. फोन किती करायचे तेही ठरले. एका काळी खेळाडूंना बेगल म्हणजे कड्याच्या आकाराचा पाव देणे चालत असे. त्यावर क्रीम चीज लावून दिले की नियमभंग. असल्या नियमांमुळे मोठ्या भ्रष्टाचाराला काही आळा बसला नाही. एक मात्र झाले: ज्याला पकडायचे त्याला पकडण्यासाठी काही ना काही हाताशी राहिले.

पैसा जातो कसा

सर्वांत जुना मार्ग ‘बूस्टर’चा. बूस्टर म्हणजे संघावर जीव असलेला, खिसा भरलेला माजी विद्यार्थी किंवा स्थानिक धनिक. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाने जॉन वुडन यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्या काळात सॅम गिल्बर्ट नावाचे बांधकाम व्यावसायिक खेळाडूंचे ‘पापा सॅम’ होते. एनसीएएने यूसीएलएला शिक्षा केली आणि गिल्बर्टशी संबंध तोडायला लावले ते १९८१ मध्ये. वुडन निवृत्त होऊन तोवर सहा वर्षे झाली होती. दहा विजेतेपदांपैकी एकालाही धक्का लागला नाही.

डेट्रॉइटचे एड मार्टिन मात्र श्रीमंत नव्हते. फोर्डच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा वीजतंत्री मोटार कारखान्यांतून आकड्यांचा जुगार चालवी. मटका म्हटले की मराठी वाचकाला लगेच कळेल. त्यातला पैसा त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या चार खेळाडूंना ‘उसना’ दिला. न्यायालयात त्यांनी सांगितलेला एकूण आकडा होता ६,१६,००० डॉलर. प्रकरण फुटले ते एका अपघाताने. १९९६ मध्ये विद्यापीठ पाहायला आलेल्या एका शाळकरी खेळाडूला घेऊन निघालेली खेळाडूंची गाडी पहाटे उलटली आणि रात्री ही मंडळी कोणाकडे गेली होती याची चौकशी लागली. मार्टिन यांनी २००२ मध्ये गुन्हा कबूल केला. १९९२ आणि १९९३ मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या, देशभर गाजलेल्या मिशिगन संघाचे फलक क्रीडागृहाच्या छतावरून उतरवले गेले.

कधी पाकीटच दगा देते. १९८८ मध्ये केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल कार्यालयातून लॉस एंजेलिसला एका भावी खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेले कुरियरचे पाकीट वाटेत उघडले आणि कर्मचाऱ्यांना आत १,००० डॉलर दिसले. पैसे कोणी ठेवले यावर शेवटपर्यंत वाद राहिला. केंटकीवर मात्र दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेची बंदी आली आणि प्रशिक्षक एडी सटन यांनी राजीनामा दिला. लास व्हेगासचे प्रशिक्षक जेरी टारकेनियन यांचा या वेळचा टोमणा प्रसिद्ध आहे: एनसीएए केंटकीवर इतकी संतापली आहे, की आता क्लीव्हलंड स्टेट या छोट्या विद्यापीठाची शिक्षा आणखी दोन वर्षांनी वाढवील. चोर सोडून संन्याशाला सुळी, इतकाच त्याचा अर्थ. टारकेनियन स्वतः संन्याशी होते असे कोणी म्हणणार नाही. पण एनसीएएशी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी हरले आणि १९९८ मध्ये तडजोडीपोटी त्याच संघटनेकडून २५ लाख डॉलर घेऊन मोकळे झाले.

नियमात बसणारी आमिषेही असत. कॅन्ससचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी १९८३ मध्ये एड मॅनिंग यांना सहायक म्हणून घेतले. मॅनिंग माजी व्यावसायिक खेळाडू खरे, पण त्या वेळी ते ट्रक चालवत होते आणि त्यांचा मुलगा डॅनी हा देशातला अव्वल शाळकरी खेळाडू होता. डॅनी अर्थातच कॅन्ससला आला आणि १९८८ मध्ये कॅन्सस विजेते झाले. पुढच्या वर्षी, या नेमणुकीशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच एका नियमभंगामुळे, विजेत्या संघाला स्पर्धेत पाऊल ठेवता आले नाही.

१९७० च्या दशकाअखेरीस सॉनी वक्कारो यांनी नाइकीकडून महाविद्यालयीन प्रशिक्षकांना पैसे द्यायला सुरुवात केली. बदल्यात त्यांचे खेळाडू नाइकीचे बूट घालणार. पुढे कंपन्यांनी शाळकरी मुलांचे उन्हाळी संघ आणि शिबिरे पोसायला घेतली. आता मुलाचा कान धरणारा माणूस शाळेतला प्रशिक्षक राहिला नाही; ती जागा उन्हाळी संघ चालवणाऱ्याने घेतली.

२०१७ चे न्यूयॉर्क प्रकरण

२६ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या संघीय अभियोक्त्यांनी दहा जणांवर आरोप ठेवले. त्यांत ऑबर्न, ओक्लाहोमा स्टेट, अॅरिझोना आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते, आदिदासचे अधिकारी जेम्स गाटो होते आणि ख्रिश्चन डॉकिन्स हा पंचविशीतला होतकरू एजंट होता. सगळ्याची सुरुवात मात्र बास्केटबॉलशी संबंध नसलेल्या ठिकाणी झाली. मार्टी ब्लेझर नावाचा पिट्सबर्गचा गुंतवणूक सल्लागार ग्राहकांच्या पैशात अफरातफर करताना सापडला आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून एफबीआयचा खबऱ्या झाला.

आरोपांचे दोन धागे होते. पहिल्यात सहायक प्रशिक्षकांनी लाच घेऊन आपल्या खेळाडूंना ठरावीक सल्लागारांकडे वळवायचे. दुसऱ्यात आदिदासच्या मंडळींनी खेळाडूंच्या घरच्यांना पैसे देऊन त्यांना आदिदासशी करार असलेल्या विद्यापीठांत धाडायचे. एका खेळाडूच्या कुटुंबाला लुईव्हिल विद्यापीठासाठी ठरलेली रक्कम होती १,००,००० डॉलर. आदिदास आणि लुईव्हिल यांच्यातील १६ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार हे आरोप ठेवले जाण्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाला होता.

या दुसऱ्या धाग्यातला कायद्याचा युक्तिवाद मुळातून समजून घेण्याजोगा आहे. नियमपुस्तकातला गुन्हा कायद्यातला गुन्हा कसा करायचा? अभियोक्त्यांनी मांडले, की या व्यवहारात विद्यापीठे फसवली गेली: अपात्र ठरलेल्या खेळाडूला पात्र समजून त्यांनी शिष्यवृत्ती दिली, म्हणून ही फोन, ईमेल अशा दूरसंचार साधनांतून केलेली फसवणूक (वायर फ्रॉड). ज्यांच्या फायद्यासाठी पैसा फिरला तेच फिर्यादीच्या बाजूला बळी म्हणून उभे राहिले. बचाव पक्षाने हीच विसंगती दाखवली, पण ऑक्टोबर २०१८ मध्ये ज्यूरीने गाटो, आदिदासचे सल्लागार मर्ल कोड आणि डॉकिन्स या तिघांना दोषी ठरवले आणि २०२१ मध्ये अपिलातही तो निर्णय टिकला. गाटो यांना नऊ महिने, इतर दोघांना सहा-सहा महिने कैद झाली.

चारही सहायक प्रशिक्षकांनी गुन्हा कबूल केला. यातले टोनी ब्लँड यांनी घेतलेली रक्कम ४,१०० डॉलर. चौघेही कृष्णवर्णीय होते. एकाही मुख्य प्रशिक्षकावर फौजदारी आरोप ठेवला गेला नाही. लुईव्हिलने रिक पिटिनो यांना काढून टाकले तेवढेच. जाता जाता एक गोष्ट: या तपासासाठी लास व्हेगासला गेलेल्या एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने सरकारचे १३,५०० डॉलर जुगारात घालवले आणि पुढे त्यालाही गुन्हा कबूल करावा लागला.

शिक्षा आणि तिचा नेम

एनसीएएच्या शिक्षांत स्पर्धाबंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, दंड आणि ‘शो-कॉज’ येतात. शो-कॉज लागू असलेल्या प्रशिक्षकाला नेमायचे, तर नेमणाऱ्या विद्यापीठाला खुलासा करावा लागतो. प्रत्यक्षात ती बहुधा बहिष्कारासारखीच असते. टेनेसीचे प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांना २०११ मध्ये तीन वर्षांचा शो-कॉज लागला. मूळ चूक घरी झालेल्या जेवणाला भावी खेळाडूंना बोलावण्याची होती. महागात पडले ते त्याबद्दल चौकशीत खोटे बोलणे.

सर्वांत चमत्कारिक शिक्षा म्हणजे विजय ‘रिक्त’ करणे. सामना झाला, लाखोंनी पाहिला, पण नोंदीतून विजय पुसला जातो. हरलेल्याला मात्र तो मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सची १९९६ ची आणि मेम्फिसची २००८ ची अंतिम चार संघांतील मजल अशी पुसली गेली. दोन्ही संघांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी. दोन्ही वेळा त्यांच्यावर वैयक्तिक ठपका आला नाही आणि निकाल येईतो ते अधिक मोठ्या जागी गेलेले होते. लुईव्हिलचे २०१३ चे विजेतेपद २०१८ मध्ये रिक्त झाले, तेही वसतिगृहात भावी खेळाडूंसाठी नग्ननृत्य आणि शरीरविक्रयाची सोय केल्याच्या वेगळ्याच प्रकरणात. पुरुष बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद असे काढून घेण्याची ती पहिलीच वेळ.

न्यूयॉर्क प्रकरणानंतर माजी परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये स्वतंत्र न्यायनिवाड्याची शिफारस केली. तशी यंत्रणा आली, पण तिचे निकाल इतके रेंगाळले, की याच प्रकरणातून आलेला कॅन्ससचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला. तोवर कॅन्ससने २०२२ चे विजेतेपदही पटकावले होते आणि ते शाबूत राहिले.

२०२१ नंतर

जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० असा एनसीएएविरुद्ध निर्णय दिला. खटला शैक्षणिक लाभांपुरता होता. तरी १ जुलैपासून एनसीएएने खेळाडूंना आपले नाव, छबी आणि ओळख यांवर कमाई करायची मुभा दिली. बूस्टरांनी एकत्र येऊन ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारले. गिल्बर्ट आणि मार्टिन जे लपूनछपून करत ते आता वकिलाने तयार केलेल्या करारावर सही करून होऊ लागले. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्यातील तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. दर विद्यापीठामागे, सर्व खेळ मिळून, पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर. मर्यादा आली की ती ओलांडण्याच्या वाटाही येतात. बाहेरून होणारा ६०० डॉलरहून मोठा करार आता तपासणीसाठी दाखवावा लागतो, आणि तो खरी जाहिरात आहे की आडून दिलेला पगार, यावर वाद चालू आहेत.

लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक विल वेड एफबीआयने टिपलेल्या दूरध्वनी संभाषणात डॉकिन्सला एका खेळाडूपुढे ठेवलेल्या भरघोस प्रस्तावाबद्दल सांगताना ऐकू आले होते. २०२२ मध्ये त्यांची नोकरी गेली. नॉर्थ कॅरोलिना स्टेट या विद्यापीठाला एका खेळाडूच्या घरी ४०,००० डॉलर पोचवण्याच्या बेतावरून डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षा झाली आणि त्या खेळाडूचा सहभाग असलेले विजय रिक्त झाले. मार्च २०२५ मध्ये याच विद्यापीठाने मुख्य प्रशिक्षक म्हणून वेड यांना नेमले.