पाउच सेल: जाड झाला की फुगला?

ई-सायकलसाठी किंवा घरच्या सोलरसाठी लिथियम पॅक स्वतः जुळवणाऱ्यांना पुण्यात सामानाची अडचण पडत नाही. निकेल पट्टी, बीएमएस (सेलांवर लक्ष ठेवणारं सर्किट), कॅप्टॉन टेप तपकीर गल्लीत मिळते, पत्रा कापायला भोसरी आहेच. गोंधळ होतो तो सल्ल्यांमुळे. एक जण सांगतो, पाउच सेल, म्हणजे ॲल्युमिनियम फिल्मच्या मऊ पिशवीतला चपटा सेल, मोकळा ठेवा, त्याला फुगायला जागा लागते. दुसरा सांगतो, दोन प्लेटांमध्ये करकचून आवळा, म्हणजे तो फुगणारच नाही. दोघांनीही दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या आहेत, आणि पॅकची सगळी मांडणी नेमकी त्या फरकावर ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे चार्ज होताना जाड होणं. हे प्रत्येक निरोगी सेलमध्ये घडतं. लिथियम ऋण इलेक्ट्रोडमधल्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतं तेव्हा ग्रॅफाइटचं आकारमान साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. अख्ख्या सेलच्या जाडीत ही वाढ काही टक्केच दिसते आणि डिस्चार्ज झाला की सेल पुन्हा खाली बसतो. वापर वाढेल तशी थोडी जाडी कायमचीही वाढते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गॅस. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल ४.२ व्होल्टच्या वर ताणला, अगदी तळाला जाईपर्यंत वापरला, फार तापवला किंवा सीलमधून ओल आत गेली, की इलेक्ट्रोलाइट, म्हणजे सेलमधलं द्रावण, मोडायला लागतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू तयार होतात. पहिल्या चार्जच्या वेळी होणारा गॅस कारखान्यातच काढून टाकतात आणि मगच पिशवी कायमची सील करतात. त्यामुळे तुमच्या हातात आल्यानंतर जमलेला गॅस हा बिघाडच समजायचा.

ओळखायचं कसं? मार्करने सेलवर पाच खुणा करा, चार कोपऱ्यांजवळ आणि एक मधोमध. प्लॅस्टिकच्या व्हर्नियरने, पिशवी दबणार नाही इतक्या हलक्या हाताने, रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेत जाडी मोजा. धातूचा व्हर्नियर टॅबांजवळ (सेलच्या बाहेर आलेल्या जोडणीच्या धातूच्या पट्ट्यांजवळ) नेऊ नका, क्षणात शॉर्ट होतो. नेहमीची जाडी सगळीकडे जवळपास सारखी वाढते, सेल कडक लागतो, आणि डिस्चार्जनंतर आकडे जवळपास मूळ जागी येतात. गॅस असेल तर मधलाच आकडा उसळतो, बोटाखाली सेल हवा शिरलेल्या दुधाच्या पिशवीसारखा मऊ लागतो आणि डिस्चार्जनंतरही तसाच राहतो. बीएमएस व्होल्टेज आणि तापमान पाहतो. जाडी त्याला कळत नाही, ती तुम्हीच बघायची.

आता दाबाकडे येऊ. सेलच्या आतले थर एकमेकांना चिकटून राहावेत म्हणून सपाट, सारखा दाब हवाच. तो किती, हे सेलच्या डेटाशीटमध्ये पाहायचं, अंदाजाने ठरवायचं नाही. उदाहरणादाखल चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरा. १५ बाय २० सेंटिमीटरच्या सेलवर तो १५० किलोचा भार होतो! एवढा भार पडला की तीन मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट मधून वाकते. कडा दाबल्या जातात आणि मध्य मोकळा राहतो. म्हणून शेवटच्या प्लेटा जाड किंवा पन्हाळी दिलेल्या हव्यात.

एकावर एक सेल रचले की दाब सगळ्यांवर तोच राहतो, जाडीची वाढ मात्र बेरजेने वाढते. सात मिलिमीटरचा सेल चार्ज होताना ०.२ मिलिमीटरने वाढला, तर १४ सेलांची थप्पी २.८ मिलिमीटरने वाढणार. कडक बोल्टांमध्ये ही वाढ कुठे जाणार? सेलांच्या मध्ये सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन फोमच्या शीट घाला किंवा बोल्टांवर स्प्रिंग बसवा. जोडणी कमी चार्जवर करणं जास्त सुरक्षित, पण तेव्हाच बोल्ट पूर्ण आवळून टाकले तर पूर्ण चार्जला दाब मर्यादेबाहेर जाईल. फोम उष्णताही अडवतो, म्हणून पुण्याच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत बंद डब्याला थंड करायची सोय वेगळी हवी.

दाबाने गॅसवर इलाज होत नाही, हे मला आवर्जून सांगायचंय. फुगलेला सेल आवळला की गॅस कडांकडे सरकतो आणि सीलवर ताण येतो. वरून सेल सपाट दिसतो, म्हणजे धोक्याची एकमेव दिसणारी खूण तुम्ही स्वतःच झाकलेली असते.

सेल आडवा ठेवायचा की उभा, या दिशेबद्दलही असाच गोंधळ आहे. इलेक्ट्रोलाइट सेपरेटर (इलेक्ट्रोडांमधला पातळ पडदा) आणि इलेक्ट्रोडमध्ये मुरलेलं असतं, त्यामुळे आडवा किंवा उभा, सेल चालतो. प्रश्न आहे वजनाचा आणि गॅसच्या वाटेचा. पाउचला गोल सेलसारखा व्हेंट, म्हणजे गॅस सुटायची ठरलेली जागा, नसतो. सील जिथे कमजोर, तिथून तो उघडतो, बऱ्याचदा टॅबांच्या बाजूने. ती बाजू चालवणाऱ्याच्या अंगाकडे नको. टॅब खाली ठेवले तर डब्यात जमणारं पाणी थेट त्यांच्यावर येतं, म्हणून ते वर किंवा बाजूला असावेत. उभ्या सेलचं वजन दुमडलेल्या कडेवर येऊ देऊ नका. फिल्मच्या कापलेल्या कडेला ॲल्युमिनियम उघडं असतं आणि पत्र्याची चौकट तिला लागली तर शॉर्टची वाट तयार होते. चौकट आणि सेल यांच्यात इन्सुलेशन शीट हवीच. टॅबवर वजन किंवा ओढ बिलकूल नको. स्पीडब्रेकरवर बसणारा प्रत्येक दणका सेलच्या अंगाने सोसावा, टॅबने नाही.

गॅस झालेला सेल टोचायचा नाही, चार्जरला लावायचा नाही, पॅकमध्ये परत घालायचा नाही. गरम नसेल तर टॅबांना इन्सुलेशन टेप लावून, कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा. गरम लागला तर हात न लावता लांब व्हा आणि १०१ ला फोन करा. घंटागाडीत तो कधीही टाकू नका, गाडीत कचरा दाबला जातो आणि सेल पेटतो. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देतानाही तो फुगलेला आहे हे स्पष्ट सांगा.