कॅन्सर रुग्णसेवेवर अभ्यास करायचाय? फाइलींना हात लावण्याआधी एथिक्स कमिटीचा अर्ज

बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून पहिली केमो लागेपर्यंत किती दिवस जातात? रेडिएशन अर्धवट सोडणारे पेशंट का सोडतात? वेदना असणाऱ्यांना मॉर्फिन वेळेवर मिळतं का? असे प्रश्न घेऊन अभ्यास करू पाहणारे तरुण डॉक्टर, नर्स आणि समाजसेवा विभागातले लोक आता बरेच दिसतात. यात नवं औषध नसतं, सुई टोचायची नसते. म्हणून विभागप्रमुखांची तोंडी परवानगी घेऊन थेट रेकॉर्ड रूम गाठली जाते, आणि घोळ तिथेच होतो. पेशंटवरच्या किंवा त्यांच्या नोंदींवरच्या अभ्यासाला आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात पेशंटचं हित जपलं जातं का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. ती मागच्या तारखेने मिळत नाही, आणि मंजुरीपत्राशिवाय बहुतेक चांगली जर्नल्स पेपर विचारातच घेत नाहीत.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार छाननीचे तीन मार्ग आहेत. पहिला, सूट. संस्थेतल्या सेवेचा दर्जा तपासणारं अंतर्गत ऑडिट यात बसू शकतं, अट एवढीच की माहितीवरून पेशंट ओळखता येता कामा नये. दुसरा, जलद छाननी. धोका अगदी किमान असेल, उदाहरणार्थ नाव-नंबर काढून टाकलेल्या जुन्या केसपेपरांवर काम असेल, तर हा मार्ग. तिसरा, पूर्ण समितीची बैठक. शेवटच्या टप्प्यातले पेशंट असुरक्षित गटात मोडतात. त्यामुळे पॅलिएटिव्ह केअरमधल्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेतल्या, साध्या मुलाखतींचा प्रस्तावही पूर्ण बैठकीत जाईल असं धरूनच वेळापत्रक आखा. आपला अभ्यास कोणत्या मार्गात बसतो हे आपण ठरवायचं नसतं, ते समिती ठरवते. ‘हे तर नुसतं ऑडिट आहे’ असं वाटत असलं तरी अर्ज करायचाच आणि सूट दिल्याचं पत्र हातात घ्यायचं.

अर्ज संस्थेत काम करणाऱ्या कुणालाही करता येतो. रेसिडेंट किंवा पीएचडीचा विद्यार्थी असेल तर गाइडची सही लागते. बऱ्याच ठिकाणी कागदोपत्री मुख्य संशोधक गाइडच असतात. आपल्या हॉस्पिटलला स्वतःची समिती नसेल तर करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं.

आता कागदपत्रं. समितीच्या मेंबर सेक्रेटरींच्या (सदस्य सचिव) नावे पत्र, समितीचा छापील किंवा ऑनलाइन फॉर्म, आवृत्ती क्रमांक आणि तारीख घातलेला प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), माहिती भरण्याचा तक्ता, बजेट, हितसंबंधांचं निवेदन, सर्व संशोधकांचे सही केलेले बायोडेटा आणि संशोधन-नीतीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. प्रश्नावली दुसऱ्या कुणाची असेल तर ती वापरण्याची परवानगी हवी. जीवनमान मोजायला ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची क्यूएलक्यू-सी३० ही प्रश्नावली घेणार असाल, तर ती मराठीत तयार आहे आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळते, पण आधी रीतसर मागणी नोंदवावी लागते. तिचं घरी बसून भाषांतर करू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो संमतीपत्राला, आणि सगळ्यात कमी दिला जातो तोही त्यालाच. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत हवं, भाषांतर आणि उलट भाषांतर (ते पुन्हा मूळ भाषेत करून पाहिलेलं) सोबत जोडायचं. ‘सदर संशोधनात्मक अभ्यासामध्ये स्वेच्छेने सहभागी होण्यास’ असलं मराठी जळगावहून आलेल्या शेतकरी बाईला वाचून दाखवलं तर ती मान डोलावेल आणि अंगठा देईल, पण त्याला संमती म्हणता येणार नाही. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचा उपचार आहे तसाच चालू राहील’ हे वाक्य ठळक अक्षरांत हवं. आपणच उपचार करणारे आणि आपणच संशोधक असलो की पेशंटला नाही म्हणणं फार अवघड जातं. शक्य असेल तर संमती घ्यायला युनिटबाहेरची व्यक्ती ठेवा. समितीलाही ते पटतं. अंगठा असेल तिथे निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. जुन्या नोंदींवरचं काम असेल आणि पेशंटना गाठणं शक्य नसेल तर संमतीतून सूट मागता येते, मात्र त्याची कारणं लिहून द्यावी लागतात.

समितीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे. एक कायदेतज्ज्ञ असतो आणि एक सामान्य नागरिकही. त्यामुळे प्रोटोकॉलचा सारांश डॉक्टर नसलेल्यालाही कळेल असा लिहा. शंका आल्या तर मुद्देनिहाय उत्तर द्या आणि प्रोटोकॉलची आवृत्ती बदला. जुन्याच आवृत्तीत दुरुस्त्या घुसडल्या की फाइल पुन्हा मागे येते.

पेशंटना दोन गटांत विभागून काही नवं करून बघणार असाल, समजा एका गटाला नर्सचे फोन आणि दुसऱ्याला नेहमीची सेवा, तर ती क्लिनिकल ट्रायल झाली. तिची सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंद पहिला सहभागी घेण्याआधीच व्हायला हवी, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे उशिराची नोंदणी स्वीकारली जात नाही. नोंदणी मोफत आहे. परदेशी संस्थेचं सहकार्य किंवा निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी परवानगी लागू शकते, ते सुरुवातीलाच विचारून घ्या.

मंजुरी मिळाल्यावरही दर वर्षी प्रगती अहवाल द्यायचा असतो. प्रश्नावलीत एक जरी प्रश्न वाढवला तरी तो वापरण्याआधी समितीकडे दुरुस्ती पाठवावी लागते.