वन हेल्थ आणि प्लॅनेटरी हेल्थ: गल्लत नेमकी कुठे होते

आरोग्य आणि पर्यावरण या क्षेत्रांतली माणसं एकत्र बसली, की ‘वन हेल्थ’ (यातलं ‘वन’ म्हणजे इंग्रजी ‘एक’, जंगल नव्हे) आणि ‘प्लॅनेटरी हेल्थ’ एकाच अर्थाने वापरायला लागतात. प्रस्तावात वर एक, खाली दुसरं, आणि शेजारी ठरलेलं चित्र: माणूस, प्राणी, पर्यावरण अशी एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं. निम्मा घोळ या चित्रानेच घातला आहे, कारण त्यात दोन्ही सारखीच दिसतात. ते काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वन हेल्थ कोविडनंतर बहुतेकांना ठाऊक आहे. रेबीज, बर्ड फ्लू, प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू अशा प्रश्नांवर डॉक्टर, पशुवैद्य आणि वन्यजीव अभ्यासकांनी मिळून काम करायचं. प्लॅनेटरी हेल्थ, म्हणजे पृथ्वीच्या व्यवस्था बदलल्याने माणसाच्या आरोग्यावर होणारा परिणाम, ही मांडणी रूढ झाली ती २०१५ मध्ये आलेल्या रॉकफेलर फाउंडेशन आणि ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक यांच्या आयोगाच्या अहवालामुळे. दोन्हींच्या संस्था वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. त्यात फार अडकायला नको.

खरा फरक पर्यावरण कोणत्या भूमिकेत आहे याचा. वन हेल्थच्या रोजच्या कामात ते बहुधा जंतूची वाट असतं. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाहची साथ आली. डुकरांच्या गोठ्यांलगत आंब्याची झाडं होती. फळं खाणाऱ्या वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली, लाळ लागलेली फळं खाली पडली, ती डुकरांनी खाल्ली, आणि डुकरांकडून विषाणू तिथल्या कामगारांपर्यंत पोचला. शंभरावर माणसं दगावली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. इथे साखळीची प्रत्येक कडी बोट ठेवून दाखवता येते, आणि ती तोडताही येते.

आता गव्हाचा दाणा घ्या. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. उघड्या शेतात पिकाभोवती नळ्यांचं कडं करून, वायू सोडून तो ५५० च्या आसपास नेला, तेव्हा गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्क्यांनी घटलं. लोह आणि प्रथिनंही कमी झाली. पीक उभं, दाणा दिसायला तसाच. यात ना जंतू, ना आजारी जनावर. कोळसा जाळणारा एकीकडे, जस्त कमी पडलेलं मूल भलतीकडे, आणि मध्ये कित्येक वर्षं. माणसाने पृथ्वीच्या व्यवस्थाच बदलल्या (हवामान, नायट्रोजनचं चक्र, गोडं पाणी, जैवविविधता) आणि तो बदल माणसाच्याच प्रकृतीवर उलटला, हा प्लॅनेटरी हेल्थचा विषय. ‘म्हणजे पृथ्वीची तब्येत’ हे उत्तर मला अजिबात पटत नाही. आयोगाच्या मांडणीत केंद्रस्थानी माणसाचं आरोग्यच आहे. ते ज्यावर उभं आहे, त्या नैसर्गिक व्यवस्था त्यासोबत येतात.

म्हणून बैठकीला कोणाला बोलवायचं, हेही बदलतं. उष्म्याने होणारे मृत्यू वन हेल्थच्या आराखड्यात ढकलले, की पशुवैद्य ताटकळत बसतात आणि हवामानशास्त्रज्ञ, नगररचनाकार, ऊर्जाखातं यांना निमंत्रणच जात नाही. मग ‘सहकार्य जमत नाही’ अशी ओरड होते. उलट चूकही होते: कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाला ‘प्लॅनेटरी’ लेबल लावून हवामानाचा निधी मागायचा. लस ताबडतोब हवी, पण ती पशुवैद्यकीय खात्याच्या पैशातून.

एक मात्र खरं, की वन हेल्थमध्ये पर्यावरणाची खुर्ची बराच काळ रिकामीच होती. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि पशू आरोग्य संघटना यांच्या आघाडीत संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम २०२२ मध्येच आला.

दोन्ही क्षेत्रं एकमेकांवर येतात ती जंगलतोडीत: जंगलाच्या कडेला वस्ती सरकते, वटवाघळं आणि डास माणसाजवळ येतात. तिथे दोन्ही गट हवेत, पण कामाची विभागणी आधी लिहून ठेवावी. साथीचे नमुने याच आठवड्यात लागतात. जंगल कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या बाजारासाठी तुटलं, हे शोधायला गेल्या कित्येक वर्षांचे नकाशे.