अरब वेगळे, मुसलमान वेगळे: अमेरिकन सिरीजमधली गल्लत

दाढी, वाळवंट, मागे अजान, एवढं दिसलं की आपण म्हणतो हा अरब, आणि लगेच म्हणतो हा मुसलमान, जसं काही एकाच माणसाची दोन नावं. अरब ही ओळख मुख्यतः भाषेची आणि संस्कृतीची आहे, मुसलमान ही धर्माची. इंडोनेशियात २० कोटींच्या वर मुसलमान आहेत, त्यात अरब अगदी थोडे. उलट आपल्याकडे आवडीने वाचला जाणारा खलील जिब्रान लेबनॉनचा अरब होता पण ख्रिश्चन, गायिका फैरूझही ख्रिश्चनच. इराणची मुख्य भाषा फारसी, बहुतेक इराणी लोक अरब नाहीत, आणि मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांचे मालक तर बहुतेक झरतुष्ट्री, म्हणजे ना अरब ना मुसलमान! मराठवाड्यातले चाऊस मात्र मूळचे अरब, त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रामौत भागातून येऊन निजामाच्या फौजेत होते.

आता सिरीजकडे बघा. 'होमलँड' या दहशतवादावरच्या सिरीजमधला खलनायक अबू नझीर पॅलेस्टिनी दाखवलाय, ते काम केलंय इराणमध्ये जन्मलेल्या नाविद नेगाहबानने. 'लॉस्ट'मधला इराकी सईद जर्रा म्हणजे नवीन अँड्र्यूज हा नट, लंडनचा, आईवडील केरळचे. 'टायरंट'मध्ये (२०१४) अबुद्दीन नावाचा खोटा अरब देश आणि हुकूमशहाचा मुलगा झालाय गोरा इंग्लिश अ‍ॅडम रेनर. एखाद्या नटाने दुसऱ्या देशाचं पात्र केलं तर मला काही प्रॉब्लेम नाही, नवीन अँड्र्यूजचं काम तर मला मनापासून आवडतं, पण दरवेळी 'सावळा, दाढीवाला, चालतंय' असंच होत असेल तर कुठला देश, कुठली भाषा, कुठला पंथ हे सगळंच पुसलं जातं आणि उरतो फक्त धोका.

'होमलँड'वाल्यांनी २०१२मध्ये बैरूतचा हमरा रस्ता बंदूकवाल्यांनी भरलेला दाखवला. खरा हमरा म्हणजे कॅफे, पुस्तकांची दुकानं, जवळच अमेरिकन युनिव्हर्सिटी. आणि शूटिंग झालं होतं इस्रायलमध्ये! लेबनॉनचे तेव्हाचे पर्यटनमंत्री फादी अब्बूद भडकले ते बरोबरच होतं, कारण ज्या गावात लोक रोज कॉफी प्यायला बसतात ते गाव जगाला युद्धभूमी म्हणून दिसलं.

पण सगळ्यात बोलका प्रसंग २०१५चा. 'होमलँड'साठीच बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट लावलेला, भिंतींवर अरबी मजकूर हवा म्हणून हिबा अमीन आणि आणखी दोघा कलाकारांना बोलावलं, त्यांनी भिंतीवर सरळ 'होमलँड वर्णद्वेषी आहे' अशा अर्थाचं अरबीत लिहून टाकलं. सेटवर कुणी वाचलं नाही, एडिटिंगमध्येही कुणाच्या लक्षात आलं नाही, एपिसोड ऑक्टोबरमध्ये तसाच दाखवला गेला. अरबी लिपी त्यांच्यासाठी नुसतं डेकोरेशन होतं, मजकूर नव्हता, आणि जिची लिपीसुद्धा वाचून बघत नाही त्या भाषेची माणसं तुम्ही पडद्यावर कशी उभी करणार?

याच्या उलट 'रॅमी' ही सिरीज बघा, २०१९ची. त्यातला हिरो न्यू जर्सीचा, इजिप्शियन घरचा, म्हणजे अरबही आणि मुसलमानही. तो नमाज पढतो, चुकतो, आईशी भांडतो. घरात अरबी आणि इंग्रजी एकाच वाक्यात येते, आणि श्रद्धेचा गोंधळ हा त्याचा स्वतःचा आहे, इजिप्तचा नाही.