सेवाहक्क मोर्चा, लंडन

सेवाहक्क मोर्चा, लंडन : पहिल्या महायुद्धात युद्धोपयोगी कामे, विशेषतः दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामे, स्त्रियांना मिळावीत या मागणीसाठी १७ जुलै १९१५ रोजी लंडनमध्ये निघालेला मोर्चा. एमेलिन पँकहर्स्ट यांच्या ‘विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन’ या स्त्रीमताधिकारवादी संघटनेने तो काढला. सहभागी स्त्रियांचा आकडा बहुधा ३०,००० असा दिला जातो; तो अंदाजी समजावा.

मार्च १९१५ मध्ये सरकारने कामास तयार असलेल्या स्त्रियांची नोंदणी सुरू केली. नावे हजारोंनी आली, काम मात्र थोड्याच जणींना मिळाले. मे महिन्यात आघाडीवर तोफगोळे अपुरे पडत असल्याची बातमी ‘द टाइम्स’ने छापली. पुढे नवे दारूगोळा खाते निघाले आणि डेव्हिड लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. स्त्रिया कमी मजुरीवर यंत्रांवर आल्या की पुरुषांचेही दर पडतील, अशी कुशल कामगारांच्या संघटनांना धास्ती होती. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मोर्चाची मूळ कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे तो पँकहर्स्ट यांच्या संघटनेचा स्वतंत्र उपक्रम होता. दुसऱ्या मताप्रमाणे कल्पना सरकारी वर्तुळातून आली; त्याचा आधार जून १९१५ अखेरचे एक पत्र आहे. त्यात राजा पाचवा जॉर्ज याच्या खाजगी सचिवाने, श्रीमती पँकहर्स्ट यांचा उपयोग करून घेता येईल काय, अशी राजाच्या वतीने लॉइड जॉर्ज यांच्याकडे विचारणा केली होती. खर्चासाठी सरकारी पैसा मिळाला. रक्कम सामान्यतः २,००० पौंड सांगतात. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, मात्र ‘सरकारी मोर्चा’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. कारण युद्धापूर्वी ही संघटना सरकारच्या विरोधात होती : फेब्रुवारी १९१३ मध्ये याच लॉइड जॉर्ज यांच्या बांधकाम चालू असलेल्या घरात मताधिकारवादी स्त्रियांनी स्फोट घडवला होता आणि त्याची जबाबदारी घेतल्याने पँकहर्स्ट यांना तीन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच संघटनेने हिंसक चळवळ थांबवली व तिच्या कैदी स्त्रिया सुटल्या.

मोर्चाच्या दिवशी पाऊस होता. दोस्त राष्ट्रांच्या चित्ररूप मिरवणुकीत बेल्जियम झालेली स्त्री फाटका ध्वज घेऊन, ओल्या रस्त्यावरून अनवाणी चालली. बायकोने घडवलेला तोफगोळा नवऱ्याचा जीव वाचवील, अशा आशयाचे यमकबद्ध फलकही होते.

मोर्चाच्या शिष्टमंडळापुढे लॉइड जॉर्ज यांनी नगावारी (तयार केलेल्या नगांवर मजुरी ठरणाऱ्या) कामाला पुरुषांइतकाच दर देण्याचे मान्य केले. कामाच्या तासांनुसार मिळणाऱ्या मजुरीबाबत तसे वचन दिले नाही. शिकाऊ स्त्री पुरुषाइतके काम उरकणार नाही, हे त्यांचे कारण. पँकहर्स्ट यांची कन्या सिल्व्हिया हिने नेमक्या याच फटीवर बोट ठेवले. मायलेकींची राजकीय फारकत त्यापूर्वीच, १९१४ मध्ये, झालेली होती. ऑक्टोबर १९१५ च्या सरकारी परिपत्रकाने पुरुषांचे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीसाठी आठवड्याला एक पौंड हा दर सुचवला.

यानंतर कारखान्यांत स्त्रियांची संख्या झपाट्याने वाढली. तिचे श्रेय मोर्चाला किती आणि मे १९१६ पासून विवाहित पुरुषांनाही लागू झालेल्या सक्तीच्या सैन्यभरतीला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. टीएनटी हे स्फोटक हाताळून त्वचा पिवळी पडलेल्या कामगार स्त्रियांना ‘कॅनरी’ (एक पिवळा पक्षी) म्हणत. १९१८ च्या कायद्याने मताधिकार मिळाला तो तीस वर्षांवरील, ठरावीक मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना. कारखान्यांतल्या बहुसंख्य तरुणी त्यात बसत नव्हत्या. १९१९ मध्ये युद्धपूर्व कामपद्धती, म्हणजे कुशल कामे कुशल कामगारांसाठी राखण्याची पद्धत, पूर्ववत करण्याचा कायदा झाला.