पार्श्वभूमी : नाशिकच्या ओढ्यांचे पुनरुज्जीवन आणि त्याच्या यशाचे मोजमाप

नंदिनी, वाघाडी, कपिला, वालदेवी या नाशिकच्या ओढ्यांच्या आणि उपनद्यांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा सुरू झाली की पहिला आकडा येतो खर्चाचा आणि दुसरा लांबीचा. इतक्या किलोमीटरचा गाळ काढला, इतक्या मीटरची संरक्षक भिंत बांधली, इतके दिवे बसवले. काम संपल्यानंतर ओढ्यात नेमके काय बदलले, हा तिसरा आकडा मात्र क्वचितच पुढे येतो, आणि आला तरी तो कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचा हे आधी ठरलेले नसते. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरी आणि तिला मिळणारे ओढे पुन्हा चर्चेत आले आहेत, म्हणून हे मोजमाप कसकसे घडत आणि बिघडत गेले, ते मांडणे गरजेचे वाटते.

मोजमापाची सवय नाशिककरांना नवी नाही. पुराचे पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला आले की गळ्यापर्यंत पोचले, यावरून गोदाकाठचे दुकानदार माल कधी हलवायचा ते ठरवत आले आहेत. १९६९ आणि २००८ चे पूर आजही याच मापाने आठवले जातात. या मापाची जागा बदलत नाही, ते सर्वांना दिसते आणि एका वर्षाचा पूर दुसऱ्या वर्षाच्या पुराशी त्यावर सरळ ताडता येतो. पुराच्या बाबतीत आपोआप जमलेले हे तिन्ही गुण पाण्याच्या गुणवत्तेच्या आणि ओढ्याच्या आरोग्याच्या मोजमापात शंभर वर्षांनंतरही जमलेले नाहीत.

आज सर्रास वापरला जाणारा ‘बीओडी’ हा निकष मूळचा इंग्लंडचा. पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात, हे त्यावरून कळते. सांडपाण्यासंबंधी नेमलेल्या तिथल्या आयोगाने १९१२ मध्ये तो रूढ केला. नमुना पाच दिवस ठेवण्याची पद्धत तिथल्या आखूड, थंड नद्यांना धरून होती. आपल्याकडे पुढे २७ अंश तापमानाला तीन दिवस ही पद्धत स्वीकारली गेली. १९७४ चा जलप्रदूषणविरोधी कायदा, त्यापाठोपाठ सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली नमुना केंद्रे आणि १९९५ पासून गंगेखेरीज इतर नद्यांनाही लागू झालेली संवर्धन योजना, हा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे. त्या योजनेत नाशिकची गोदावरी आली आणि तपोवन, आगर टाकळी येथील मलनिस्सारण केंद्रे ही तेव्हापासूनच्या कामांची ठळक खूण ठरली. मात्र त्या काळात यश मोजले गेले ते ‘दररोज इतके दशलक्ष लिटर शुद्धीकरणाची क्षमता’ या मापात. केंद्राची क्षमता किती आणि नदीची प्रकृती कशी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही जाणीव कागदोपत्री बरीच उशिरा उमटली.

नदीची प्रकृती पाहणे फार अवघड असते असेही नाही. तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत बुडबुडा राहू न देता ओढ्याचे पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडायचे आणि बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढरा. अचूक आकडा पुढे प्रयोगशाळेत काढावा लागतो, पण काठावर उभ्या असलेल्या माणसाला बाटलीचा रंगच पुष्कळ सांगून जातो. दुसरी खूण दगडाखाली असते. त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूच्या स्वच्छ ओढ्यातला दगड पावसाळ्यानंतर उलटून पाहिला तर त्याला चपट्या अंगाच्या, शेपटीला तंतू असलेल्या अळ्या चिकटलेल्या सापडतात. सांडपाणी मिसळलेल्या ओढ्यात त्यांची जागा चिखलात वळवळणाऱ्या लाल अळ्या घेतात. नमुना घेतल्याच्या क्षणी पाणी कसे होते ते बाटली दाखवते, तर गेल्या कित्येक आठवड्यांत ते कसे होते ते अळ्या दाखवतात. असे जैविक निकष देशात केव्हाच तयार झालेले आहेत, परंतु ओढ्यांच्या कामाच्या निविदांमध्ये आणि पूर्णत्वाच्या दाखल्यांमध्ये त्यांना स्थान नाही.

जगात इतरत्रही ही जाणीव उशिराच आली. कामाआधी आणि कामानंतर मोजायचे, शिवाय काम न झालेला तशाच स्वभावाचा दुसरा ओढा सोबतीने मोजत राहायचे, ही पद्धत १९७० आणि १९८० च्या दशकांत शास्त्रीय पातळीवर पक्की झाली. तरीही २००५ मध्ये अमेरिकेतील ३७ हजारांहून अधिक नदी-प्रकल्पांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा जेमतेम दहा टक्के नोंदींत कामानंतरच्या कोणत्याही मूल्यमापनाचा उल्लेख आढळला. त्याच वर्षी परिसरदृष्ट्या यशस्वी पुनरुज्जीवनाचे पाच निकष मांडले गेले. नदी कशी व्हावी याचे चित्र आधी ठरलेले असावे, तिची प्रकृती मोजता येईल इतकी सुधारावी, ती पुढे आपल्या बळावर टिकावी, कामामुळेच कायमची हानी होऊ नये आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या असाव्यात. फ्लोरिडातील किसिमी नदी १९६२ ते १९७१ दरम्यान सरळ कालव्यात कोंबली गेली होती. ती पुन्हा वळणावर आणण्याचे मुख्य काम १९९९ मध्ये सुरू होण्याआधीच पाण्यातील प्राणवायू, मासे, पाणपक्षी यांच्या पायाभूत नोंदी घेऊन काय घडायला हवे याच्या अपेक्षा लिहून ठेवण्यात आल्या होत्या.

नाशिकला मात्र हे निकष जसेच्या तसे लावता येत नाहीत. इथले बेसाल्टच्या खडकावरचे बहुतेक ओढे मुळातच हंगामी आहेत. पावसाळ्यात दणकून वाहायचे, दिवाळीनंतर मंदावायचे आणि होळीच्या सुमारास डोहांपुरते उरायचे, हा त्यांचा स्वभाव. असे असताना सातपूर-अंबडच्या औद्योगिक पट्ट्यातून आणि दाट वस्तीतून येणारी नंदिनी मे महिन्यातही वाहताना दिसते, ते पाणी मुख्यत्वे सांडपाणी असते. तरीही ‘ओढा बारमाही वाहता करणे’ हे उद्दिष्ट आराखड्यांमध्ये पुन्हा पुन्हा लिहिले जाते. सांडपाणी खरोखर वळवले तर हा ओढा उन्हाळ्यात कोरडा पडेल आणि लोक त्याला अपयश म्हणतील. प्रत्यक्षात तीच सुधारणेची पहिली खूण असू शकते. हे आधी समजावून सांगितले नाही, तर काम चांगले होऊनही बदनाम होईल.

या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त वाद झाला तो गोदापात्रातील काँक्रीटवरून, आणि मोजमापाच्या दृष्टीने तोच सर्वांत बोधक आहे. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतले गेले. तळ समतल झाला की भाविकांना पाय ठेवायला सुरक्षित होईल, गाळ आणि निर्माल्य काढणे सोपे जाईल, ही त्यामागची बाजू होती, आणि लाखोंच्या गर्दीत चेंगराचेंगरीची भीती असणाऱ्या यंत्रणेला ती पटली यात आश्चर्य नाही. विरोधकांचे म्हणणे असे की कुंडांच्या तळाशी जिवंत झरे होते, गंगापूर धरणातून पाणी सुटत नसतानाही कुंडे त्यांवर तग धरत आणि काँक्रीटने ती वाट बुजली. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात रामकुंड कोरडे पडले, टँकरने पाणी आणून ओतावे लागले, तेव्हा या म्हणण्याला मोठे बळ मिळाले. तोवर २०१२ पासून गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला होता आणि काँक्रीट काढण्याची मागणीही त्या ओघात जोर धरू लागली होती. पुढे काही कुंडांच्या तळातले काँक्रीट काढायला सुरुवात झाली आणि खाली पाणी पाझरताना दिसल्याचे सांगण्यात आले.

प्रस्तुत लेखकाचे मत काँक्रीट काढण्याच्या बाजूचे आहे. पात्राचा तळ आणि भूजल यांची देवाणघेवाण तोडून कोणतीही नदी जिवंत राहत नाही, आणि ज्या दगडगोट्यांखाली अळ्या, शंख-शिंपले, माशांची पिले वाढतात ते गोटेच काँक्रीटखाली गेले तर पाण्याचा बीओडी कितीही उतरला तरी तिथे जीव धरणार नाही. मात्र या वादात दोन्ही बाजूंनी प्रामुख्याने आधार घेतला तो जुन्या भूमापन नकाशांचा, कुंडांच्या नावांचा आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणींचा. झरे किती होते, एप्रिल-मे महिन्यात त्यांतून मिनिटाला किती लिटर पाणी येत होते, ते कुठल्या कुंडात होते आणि कुठल्यात नव्हते, याची काँक्रीट ओतण्यापूर्वीची मोजणी या वादात कुणालाच पुढे ठेवता आली नाही. २०१६ च्या कोरडेपणाचेही तेच. त्या वर्षी धरणसाठा कमालीचा खालावला होता, सलग दोन पावसाळे अपुरे झाले होते, जुन्या गावठाणाच्या आजूबाजूला विंधनविहिरी वाढल्या होत्या आणि तळात काँक्रीटही होते. या चार कारणांपैकी कुणाचा वाटा किती, हे केवळ त्या एका घटनेवरून ठरवता येत नाही.

काँक्रीट काढल्यावर खड्ड्यात दिसणाऱ्या पाण्याचेही तसेच आहे. गोदेचे पात्र वर-खाली बंधाऱ्यांनी अडवलेले असल्यामुळे शेजारच्या कुंडातले पाणी बाजूने झिरपून येऊ शकते, आणि जुन्या नाशकातल्या जलवाहिनीच्या किंवा गटाराच्या गळतीचेही ते असू शकते. हे वेगळे करण्याचे उपाय साधे आहेत. जमिनीतल्या पाण्याचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही, उघड्या पात्रातले दुपारी चढते. जलवाहिनीच्या गळतीत क्लोरिनचा अंश सापडू शकतो, गटाराच्या गळतीत अमोनिया. धरणातून सोडलेले पाणी थांबलेले असताना, उन्हाळ्याच्या ऐन भरात, कुंड उपसून ते पुन्हा किती वेळात किती भरते हे मोजले तर झऱ्याचा प्रवाह थेट हाती येतो. उरलेल्या प्रत्येक कुंडाचे काँक्रीट काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर ही मोजणी झाली, आणि एखादे कुंड काही काळ तसेच ठेवून तेही सोबत मोजले, तर वीस वर्षांचा हा वाद पुराव्याच्या पातळीवर येईल. काठावरच्या जुन्या वास्तूंच्या पायांची काळजी व्यक्त करणाऱ्यांनाही त्याच मोजणीतून उत्तर मिळू शकेल.

शहराबाहेर, सिन्नर, येवला, चांदवडकडच्या कोरडवाहू गावांत ओढ्यांच्या कामाला निराळे वळण लागले. २०१४-१५ पासून ‘जलयुक्त शिवार’ योजनेतून राज्यभर नाला खोलीकरण आणि रुंदीकरण मोठ्या प्रमाणावर झाले. इथे यशाचे माप होते सहस्र घनमीटर साठवणक्षमता, म्हणजे पुन्हा खणलेल्या खड्ड्याचे आकारमान. भूजलाची पातळी निरीक्षण विहिरींवरून जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेतली जाते. तो आधार चांगला आहे, पण तुलनेचे वर्ष कोणते घ्यायचे यावर निष्कर्ष पालटतो. २०१५ चे दुष्काळी वर्ष ‘आधीचे’ आणि २०१६ चे पावसाचे वर्ष ‘नंतरचे’ धरले तर एकही नाला न खणता विहिरी वर आलेल्या दिसतील. २०२० मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या लेखापरीक्षण अहवालाने ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही भूजलवाढीवर फारसा परिणाम दिसत नसल्याचे म्हटले, त्यावर चौकशी लागली, राजकारण झाले. २०२३ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. पावसाचा परिणाम वजा करून कामाचा परिणाम कसा काढायचा, या मूळ प्रश्नावर मात्र सार्वजनिक चर्चा फारशी झालीच नाही.

२०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी जाहीर झाली. त्यांत सर्वाधिक ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते आणि सोमेश्वरपासून खाली जाणारा गोदावरीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत गंभीर, प्राधान्यक्रमात होता. या क्रमवारीत लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक बीओडी आढळलेला पट्टा पहिला धरला जातो. २०२२ च्या यादीत देशातले पट्टे ३११ झाले, महाराष्ट्राचे ५५. अशा यादीतून पट्टा वर-खाली सरकणे हे वृत्तपत्रांना सोयीचे माप असले तरी नंदिनीच्या मुखाशी किंवा वाघाडी गोदेला मिळते तिथे काय चालले आहे, ते त्यातून कळत नाही. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीची ३० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा १० वर आणण्याचा आग्रह २०१९ नंतर वाढला आहे. जुन्या मर्यादेसाठी बांधलेल्या केंद्रांना त्यामुळे सुधारणा कराव्या लागत आहेत, आणि त्या चालू असतानाच्या आकड्यांत चढउतार होणे साहजिक आहे.

स्नानासाठीच्या पाण्याचा निकष वेगळा आहे. बीओडी ३ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि विष्ठाजन्य जिवाणू शंभर मिलिलिटरमागे जास्तीत जास्त २,५००. सिंहस्थाच्या पर्वण्या श्रावण-भाद्रपदात येतात, त्या वेळी पुराचे किंवा धरणातून सोडलेले पाणी वाहत असते, त्यामुळे रामकुंडावरचा नमुना या निकषात बसण्याची शक्यता त्या दिवसांत सर्वाधिक असते. २०१५ च्या पर्वण्यांसाठी पाणी सोडण्यालाच न्यायालयात आव्हान दिले गेले होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. गंगेच्या वरच्या पट्ट्यासाठी २०१८ मध्ये किमान प्रवाहाचे हंगामवार प्रमाण अधिसूचित झाले, तसे बंधन गोदावरीला लागू नाही. शिवाय रामकुंड हे शहराच्या बऱ्याचशा सांडपाण्याच्या वरच्या अंगाला आहे. नंदिनी टाकळीला, रामकुंडाच्या खाली गोदेला मिळते, आणि शहराने सोडलेले सगळे अखेर नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जाते. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या ‘रामसर’ यादीत समावेश झाल्याचे २०२० मध्ये जाहीर झालेल्या या पाणथळीत पाणवेलींचा थर किती पसरतो, हे नाशिकच्या ओढ्यांच्या प्रकृतीचे रामकुंडापेक्षा अधिक प्रामाणिक माप आहे.

येत्या सिंहस्थाआधी नमुन्यांच्या जागा वाढवताना टाकळीचा संगम, वाघाडीचे मुख आणि नंदिनीचा औद्योगिक पट्ट्याच्या वरचा स्वच्छ भाग या तीन ठिकाणी मे आणि नोव्हेंबर महिन्यांतले नमुने घ्यायला हवेत. वरचा भाग तुलनेसाठी उपयोगी पडेल. गंगापूर धरणातून त्या दिवशी किती क्युसेक पाणी सुटले होते, ही नोंद प्रत्येक नमुन्याशेजारी असेल तरच २०२७ चे आकडे २०१५ च्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.