परवडणाऱ्या घरांसाठी वॉशिंग्टनमध्ये लॉबिंग: अमेरिकेतल्या ना-नफा संस्थांसाठी पात्रता, फॉर्म आणि मुदती

अमेरिकेत परवडणारी घरं बांधणाऱ्या किंवा चालवणाऱ्या ना-नफा संस्थेच्या संचालक मंडळावर तुम्ही असाल, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं: “आपण ५०१(सी)(३) आहोत, आपल्याला लॉबिंग करता येत नाही.” हे चूक आहे. करकायद्याच्या या कलमाखाली करमाफी मिळालेल्या धर्मादाय संस्थांना बंदी आहे ती निवडणूक प्रचाराची. कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात त्यांना एक डॉलरही खर्च करता येत नाही, आणि यात सूट नाही. विधेयकाबद्दल किंवा निधीबद्दल काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याला भेटणं ही वेगळी गोष्ट आहे. कायदा त्याला परवानगी देतो, फक्त मर्यादेत. ती मर्यादा नीट ठरवून घेणारा फॉर्म एका पानाचा आणि फुकट आहे. तरीही असंख्य संस्था तो भरत नाहीत आणि भीतीपोटी गप्प बसतात. बजेटमध्ये घरांचा पैसा कापला जातो तेव्हा बोलायला हवीत नेमकी हीच माणसं, कारण भाडेकरूंची प्रतीक्षा यादी त्यांच्याच टेबलावर असते.

फॉर्म ५७६८: कोणी, कधी, कसा

हा फॉर्म भरला नाही तर संस्थेला जुना निकष लागतो. लॉबिंग हा तिच्या कामाचा “मोठा भाग” असू नये, एवढंच त्यात म्हटलं आहे. मोठा म्हणजे किती, हे कायद्यात लिहिलेलं नाही. आयआरएस (अमेरिकेचं संघराज्य करखातं) पैसा पाहते तसा स्वयंसेवकांचा वेळही पाहते. १९७६ साली काँग्रेसने करकायद्यात कलम ५०१(एच) घातलं आणि पर्याय दिला: मोजमाप फक्त पैशात होईल. स्वयंसेवकाने फुकट दिलेल्या वेळाचा खर्च शून्य, त्यामुळे तो या हिशेबात येतच नाही.

बहुतेक ५०१(सी)(३) सार्वजनिक धर्मादाय संस्था पात्र आहेत. चर्च आणि त्यांच्या अंगभूत संस्था, तसंच खासगी फाउंडेशन यांना हा पर्याय मिळत नाही.

फॉर्मवर संस्थेचं नाव, पत्ता, ईआयएन (आयआरएसने दिलेला ओळख क्रमांक), करवर्ष कोणत्या तारखेला संपतं ते आणि अधिकृत पदाधिकाऱ्याची सही एवढंच लागतं. सोबत कागदपत्रं जोडायची नाहीत, शुल्क नाही. फॉर्म आयआरएसच्या युटा राज्यातल्या ऑग्डन केंद्राकडे जातो, पण पाठवण्याआधी चालू आवृत्तीवर छापलेला पत्ता पाहा. करवर्ष संपायच्या आत कधीही पाठवला तरी तो त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. म्हणजे कॅलेंडर वर्ष असेल तर डिसेंबरात भरलेला फॉर्म जानेवारीतला खर्चही झाकतो. वर्ष ३० जूनला संपत असेल तर शेवटची तारीख ३० जून. एकदा भरला की मागे घेईपर्यंत तो चालू राहतो, दर वर्षी भरावा लागत नाही. मागे घेतलात तर ते पुढच्या करवर्षापासून लागू होतं. पोचपावतीची वाट पाहत बसू नका. सर्टिफाइड मेलने पाठवा आणि पावती व सही केलेली प्रत संस्थेच्या कायम फाइलमध्ये ठेवा. पाचेक वर्षांनी नवा अकाउंटंट “आपण हा पर्याय घेतला होता का?” असं विचारतो, तेव्हा हाच कागद कामी येतो.

किती खर्च चालतो

संस्थेच्या वार्षिक धर्मादाय खर्चावर ही मर्यादा ठरते. पहिल्या ५ लाख डॉलरवर २० टक्के, पुढच्या ५ लाखांवर १५ टक्के, त्यापुढच्या ५ लाखांवर १० टक्के आणि १५ लाखांच्या वर ५ टक्के. एकूण कमाल मर्यादा १० लाख डॉलर. या एकूण रकमेपैकी जास्तीत जास्त पाव हिस्सा “ग्रासरूट” लॉबिंगवर, म्हणजे सर्वसाधारण जनतेला काँग्रेसशी संपर्क करायला सांगण्यावर, खर्च करता येतो.

उदाहरण घेऊ. वर्षाला ८ लाख डॉलर खर्च करणारी संस्था आहे. पहिल्या ५ लाखांचे १ लाख, उरलेल्या ३ लाखांचे १५ टक्के म्हणजे ४५ हजार. एकूण मर्यादा १,४५,००० डॉलर, त्यात ग्रासरूट कमाल ३६,२५० डॉलर. आता प्रत्यक्ष खर्च पाहा. तासाला ५० डॉलर पगाराच्या संचालिकेने वर्षभरात भेटी, त्यांची तयारी आणि प्रवास यात ६० तास घातले, तर पगाराचे ३,००० डॉलर झाले. त्यावर भत्ते, कार्यालयीन खर्चाचा वाटा आणि विमानाचं तिकीट धरलं तरी मर्यादा कुठल्या कुठे राहते.

मर्यादा ओलांडली तर जादा रकमेवर २५ टक्के कर बसतो. चार वर्षांच्या हिशेबात खर्च मर्यादेच्या १५० टक्क्यांवर गेला तर मात्र करमाफीचा दर्जाच जातो. लॉबिंगच्या खर्चाचा आकडा दर वर्षी फॉर्म ९९० (संस्थेचं वार्षिक विवरणपत्र) च्या शेड्यूल सी मध्ये दाखवायचा: पर्याय घेतलेल्यांनी भाग २-ए, न घेतलेल्यांनी २-बी. चुकीचा भाग भरणं ही नेहमीची गफलत आहे.

काय मोजायचं, काय नाही

लॉबिंग ठरायला दोन गोष्टी एकत्र लागतात: विशिष्ट विधेयकाचा किंवा निधीचा उल्लेख, आणि त्यावर तुमचं मत. सिनेटरच्या कार्यालयात जाऊन “आमच्या काउंटीत भाडं परवडत नाही” असं सांगितलंत तर ते लॉबिंग नाही. “होम कार्यक्रमाचा (परवडणाऱ्या घरांसाठी राज्यांना आणि शहरांना मिळणाऱ्या संघराज्याच्या अनुदानाचा) निधी कापू नका” म्हणालात की ते लॉबिंग झालं.

हडच्या (संघराज्याच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याच्या) प्रस्तावित नियमावर लेखी अभिप्राय देणं करकायद्याच्या दृष्टीने लॉबिंग नाही. स्थानिक हाउसिंग ऑथॉरिटी किंवा झोनिंग बोर्डासमोर बोलणंही नाही, कारण त्या प्रशासकीय संस्था आहेत. पण सिटी कौन्सिलला अध्यादेश मंजूर करायला सांगितलंत तर ते लॉबिंग, आणि घरांसाठीच्या रोख्यांवर सार्वमत असताना मतदारांना “होकार द्या” म्हटलंत तर तेही थेट लॉबिंगच, कारण तिथे मतदार स्वतःच कायदा करत असतात. हे लोकांना पटकन पटत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सरकारी अनुदान असेल तर

खरी अडचण इथे येते. संघराज्याच्या (फेडरल) अनुदानातला पैसा लॉबिंगला वापरता येत नाही. सीडीबीजी (हडचं समुदाय विकास अनुदान) किंवा होमच्या पैशातून ज्याचा पगार जातो, त्या कर्मचाऱ्याचे लॉबिंगचे तास दुसऱ्या स्रोतातून, म्हणजे बिनशर्त देणग्या किंवा स्वतःच्या उत्पन्नातून द्यावे लागतात. त्यासाठी टाइमशीटमध्ये वेगळा कोड ठेवा आणि तास त्याच आठवड्यात लिहून टाका. महिन्याअखेरीस अंदाजाने भरलेले तास ऑडिटर मान्य करत नाही, आणि मग अनुदानाचा तेवढा पैसा परत मागितला जातो.

१ लाख डॉलरवरच्या अनुदानासोबत बर्ड दुरुस्तीचं प्रमाणपत्रही सही करावं लागतं: हेच अनुदान मिळावं म्हणून संघराज्याचा पैसा लॉबिंगवर वापरलेला नाही. त्याच अनुदानासाठी दुसऱ्या पैशातून लॉबिस्ट नेमला असेल तर एसएफ-एलएलएल हा फॉर्म द्यावा लागतो. काही संस्था लॉबिंगसाठी वेगळी ५०१(सी)(४), म्हणजे लॉबिंगवर अशी मर्यादा नसलेली समाजकल्याण संस्था, काढतात. ती काढताना लक्षात ठेवा: लॉबिंग करणाऱ्या ५०१(सी)(४) ला संघराज्याचं अनुदान घेता येत नाही.

लॉबिस्ट म्हणून नोंदणी कधी

१९९५ चा लॉबिंग डिस्क्लोजर कायदा आयआरएसपेक्षा वेगळा आहे. त्याची कसोटी माणसावर आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने एकापेक्षा जास्त वेळा लॉबिंगचा संपर्क केला आणि तीन महिन्यांच्या काळात कामाच्या वेळेपैकी २० टक्के किंवा अधिक वेळ लॉबिंगवर घातला, तर तो लॉबिस्ट. आठवड्याला ४० तास धरले तर तिमाहीत साधारण ५२० तास होतात, म्हणजे सीमारेषा १०४ तासांवर. त्यात तयारी आणि संशोधनाचा वेळही धरायचा. शिवाय संस्थेचा तिमाही लॉबिंग खर्च १६,००० डॉलरवर गेला पाहिजे (२०२५ पासूनचा आकडा). बाहेरच्या लॉबिंग फर्मसाठी ही मर्यादा प्रति ग्राहक ३,५०० डॉलर उत्पन्नाची आहे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ४५ दिवसांत एलडी-१ हा नोंदणीचा फॉर्म भरायचा. छोट्या संस्था सहसा इथपर्यंत पोहोचत नाहीत.

नोंदणी झाली की एलडी-२ तिमाही अहवाल २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि २० जानेवारीपर्यंत, आणि राजकीय देणग्यांचा एलडी-२०३ दर सहामाहीला ३० जुलै आणि ३० जानेवारीपर्यंत. एलडी-२०३ संस्थेचा वेगळा आणि प्रत्येक लॉबिस्टचा वेगळा असतो. देणगी शून्य असली तरी भरावाच लागतो, आणि लोक विसरतात ते हेच. एलडी-२ वर विषयाचा कोड टाकताना घरांसाठी एचओयू, निधीसाठी बीयूडी, टॅक्स क्रेडिटसाठी टीएएक्स. नोंदणीकृत लॉबिस्टने काँग्रेस सदस्याला किंवा त्याच्या कर्मचाऱ्याला जेवण देणं नियमबाह्य आहे, चर्चा कितीही साधी असो.

५०१(एच) घेतलेल्या संस्थेला एलडी-२ वर करकायद्याच्या व्याख्येने खर्च दाखवण्याची मुभा आहे. हिशेब एकदाच ठेवावा लागतो, पण त्यात राज्य पातळीवरचं लॉबिंगही धरलं जातं आणि आकडा फुगलेला दिसतो. संचालक मंडळाला आधीच सांगून ठेवा.

मागणी कोणाकडे, कोणत्या शब्दांत

दार चुकलं तर सगळी मेहनत वाया जाते. हडचा वार्षिक निधी वाहतूक-गृहनिर्माण अ‍ॅप्रोप्रिएशन (निधीवाटप) उपसमिती ठरवते. ग्रामीण घरांचे कलम ५१५ आणि ५२१ चे कार्यक्रम मात्र कृषी खात्याचे, म्हणून त्यांचा पैसा कृषी उपसमितीकडे. लो-इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरं बांधणाऱ्यांना मिळणारी करसवलत) हा कराचा विषय: हाउसमध्ये (प्रतिनिधीगृहात) वेज अँड मीन्स, सिनेटमध्ये फायनान्स समिती. ४ जुलै २०२५ च्या करकायद्याने ९ टक्के क्रेडिटचं वाटप १२ टक्क्यांनी वाढलं आणि प्रकल्पाचा निदान ५० टक्के खर्च करमुक्त रोख्यांतून भागवायची अट २५ टक्क्यांवर आली, तेव्हा काम झालं ते याच दोन समित्यांमधून. हडच्या उपसमितीत त्यासाठी गेलेल्याला “आमच्याकडे नाही” एवढंच ऐकायला मिळालं असतं.

आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण मागण्या गोळा होतात त्याआधीच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. प्रत्येक सदस्याच्या संकेतस्थळावर फॉर्म असतो आणि त्याची तारीख समितीच्या तारखेआधीची असते. त्यात उपसमिती, खातं, निधीशीर्ष, मागितलेली रक्कम, मागच्या वर्षीची रक्कम आणि हवा असल्यास समितीच्या अहवालात घालायचा नेमका मजकूर द्यायचा. “परवडणाऱ्या घरांना जास्त पैसा द्या” अशी मागणी कोणत्याच रकान्यात बसत नाही. “होम कार्यक्रमाला किमान १२५ कोटी डॉलर” ही बसते. २०२४ च्या आर्थिक वर्षात तेवढा निधी मिळाला होता, आणि २०२६ साठी राष्ट्राध्यक्षांच्या प्रस्तावात तो शून्यावर आणला होता. असा फरक दोन ओळींत मांडता आला तर सदस्याच्या कर्मचाऱ्याचं अर्धं काम होतं.

व्हाउचरबद्दल (कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या भाड्याचा काही वाटा सरकार भरतं, ती मदत) बोलताना एक गोष्ट आवर्जून समजावून सांगा. भाडं वाढलं की आहे तेवढीच व्हाउचर चालू ठेवायलाही दर वर्षी जास्त पैसा लागतो. म्हणून “गेल्या वर्षीइतकाच निधी” म्हणजे प्रत्यक्षात कपात. हाउसिंग ऑथॉरिटी आधी नवी व्हाउचर देणं थांबवते, कोणी सोडून गेलं तर ते व्हाउचर पुन्हा वाटत नाही, आणि तरीही तूट राहिली तर चालू कुटुंबांवर गदा येते. मागणी करताना “नूतनीकरणाचा पूर्ण खर्च” हे शब्द आलेच पाहिजेत. बोलणारी व्यक्ती भाडेकरू असेल तर ती हे सगळ्यात चांगलं सांगते.

भेटीसाठी तीन-चार आठवडे आधी सदस्याच्या भेटी ठरवणाऱ्या शेड्युलरला ईमेल करा. मतदारसंघातला झिप कोड, किती जण येणार, विषय आणि एकच मागणी लिहा. बहुधा सदस्याऐवजी गृहनिर्माण पाहणारा सहायक भेटतो. निराश होऊ नका, मसुदा तोच लिहितो. अर्धा तास मिळतो, म्हणून पाच जण गेलात तर बोलणारे दोनच असावेत. एका पानाचा कागद ठेवून या: वर मागणी, मध्ये मतदारसंघातली तुमची घरं आणि प्रतीक्षा यादी, खाली संपर्क. दोन दिवसांत आभाराच्या ईमेलसोबत विचारलेली माहिती पाठवा.

भेटायला किंवा पत्र लिहायला नागरिकत्व लागत नाही. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेली मराठी मंडळी आपापल्या मतदारसंघातल्या कार्यालयात निर्धास्त जाऊ शकतात. निवडणुकीत देणगी देणं मात्र वेगळं: ग्रीन कार्डधारकाला चालतं, एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्याला नाही.

एका प्रकल्पासाठी निधी

विशिष्ट इमारतीसाठी पैसा हवा असेल तर हाउसमध्ये कम्युनिटी प्रोजेक्ट फंडिंग आणि सिनेटमध्ये काँग्रेशनली डायरेक्टेड स्पेंडिंग अशा वाटा आहेत. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या अपात्र. २०२५ च्या आर्थिक वर्षासाठी हाउसने हडच्या खात्यातून ना-नफा संस्थांनाही वगळलं, तेव्हा शहर किंवा काउंटीला अर्जदार करावं लागलं. नियम दर वर्षी बदलतात, म्हणून जागा, खर्चाचं अंदाजपत्रक, इतर निधीचे पुरावे आणि स्थानिक पाठिंब्याची पत्रं जानेवारीतच तयार ठेवा आणि त्या वर्षीची मार्गदर्शिका निघाली की मगच अर्जदार ठरवा. निधी मंजूर झाला तरी पर्यावरण पुनरावलोकन पूर्ण होऊन हडची लेखी परवानगी येईपर्यंत जमीन विकत घेऊ नका, कंत्राटावर सही करू नका, पाडकामही सुरू करू नका. त्याआधी केलेल्या खर्चामुळे ते काम अपात्र ठरू शकतं, मग पैसा स्वतःचा का असेना.